कोंबडी न कापणाऱ्या लाडकूचा पोवाडा

धोंडीबा शाहिराच्या मागे उभं राहून मी सव्वीस वर्षं 'जी जी र जी' म्हटलं, आणि एवढ्या वर्षांत माझं तुणतुणं कुणी ऐकलं असेल तर शपथ. पुढे धोंडीबाचा डफ, डफाहून मोठा त्याचा गळा, आणि गळ्याहून मोठी त्याची मिजास. त्यात माझी एक तार काय ऐकू येणार! हे मी कुरकुर म्हणून सांगत नाही. बरं, कुरकुर म्हणूनच सांगतो. वय झालं आता, कुणाला भ्यायचं?

काबूलची लढाई संपली त्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही दोघे कल्याणात पारनाक्याजवळ राहत होतो. दुपारी शाळेतले अण्णा मास्तर ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि निम्मा पारनाका भोवती गोळा व्हायचा. काबूल नेमकं कुठे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. धोंडीबाची समजूत अशी की कसाऱ्याचा घाट चढून डावीकडे वळलं की चार मुक्कामांवर काबूल. पण लढाई म्हटली की त्याच्या अंगात येई, आणि माघ लागला तसा तो म्हणाला, "सहदेवा, काबूलचा पोवाडा बांधतो."

पोवाड्याचं एक गणित धोंडीबाने ठरवून टाकलं होतं. लढाई कितीही लांबची असो, त्यात आपल्या मुलखातला एक माणूस लागतो, आणि तो शेवटी पडावा लागतो. तो पडला की मागे बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. बायकांनी पदर लावला नाही तर धोंडीबा त्या दिवशी जेवत नसे. गाताना त्याची नजर सरदारांवर नाही की सावकारांवर नाही, सारखी त्या मागच्या रांगेवर असायची.

आता आपला माणूस आणायचा कुठून? आदल्या चैत्रात सरकारची माणसं कल्याण स्टेशनावर बाजा वाजवत आली होती आणि लढाईत जखमी शिपायांच्या डोल्या उचलायला माणसं घेऊन गेली होती. मिठागरावर कावड वाहून ज्यांचे खांदे घट्टे पडून दगड झाले होते, असे गडी त्यांनी निवडले. त्यात डोंबिवलीच्या खाडीकाठच्या पाड्यावरचा लाडकू होता. दहा महिने झाले, त्याची काही खबर नव्हती.

"दहा महिने पत्र नाही," धोंडीबा म्हणाला, "म्हणजे गेलाच."

"अरे, त्याला लिहिता येत नाही. पत्र येणार कुठून?" मी म्हणालो.

"सहदेवा, तू तुणतुणं वाजव."

हे त्याचं नेहमीचं. माझं बोलणं पटलं की तो हे म्हणायचा.

तर लाडकूला आम्ही मारला. डोली उचलणारा मेला तर कोण रडणार, म्हणून धोंडीबाने त्याच्या हातात तलवार दिली. नुसती दिली नाही, चालवलीही:

लाडकू वाघ कोकणचा, काळ पठाणांचा, धनी तलवारीचा ।
एका घावात सात लोळवी, आठव्याला पळवी, काबूल हालवी ।
पाठीमागुनी गोळी सुटली, छाती ती फुटली, राधा आठवली ।। जी जी र जी जी

राधा म्हणजे त्याची बायको. तिचं खरं नाव काय हे विचारायला दोन कोस कोण चालणार? धोंडीबाच्या पोवाड्यांत सगळ्या शिपायांच्या बायका राधाच असत. मरताना लाडकू राधेला चांगली अकरा कडवी निरोप सांगायचा. छाती फुटलेला माणूस इतकं कसं बोलतो असं मी एकदा विचारलं, तेव्हा काय उत्तर मिळालं ते सांगायला नको.

पण पोवाडा असा चालला म्हणता! कल्याणात, भिवंडीत, ठाण्याला तळ्याच्या काठी, कुठे म्हणून बोलावणं आलं नाही? मागच्या रांगेत पदरच पदर. धोंडीबाने त्या महिन्यात पोट सुटेपर्यंत जेवून घेतलं.

होळी झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी एक बाई दारात उभी राहिली. काळीसावळी, काटक, गुडघ्यावर नेसलेलं लुगडं, मनगटात हिरव्या बांगड्या, डोक्यावर सुक्या मासळीची पाटी. पाटी तिने खाली ठेवली नाही.

"शायर कंचा तुमच्यानचा?"

धोंडीबाला वाटलं, गाणं आवडलं म्हणून मासळी घेऊन आली. तो ऐटीत पुढे झाला. "मीच. बोल बाय."

"राधा कोन?"

"आँ?"

"माजा न्हवरा मरताना राधा राधा करतो तुमच्या गान्यान. ती राधा कोन? मी आवडा हाय. लाडकूची बायको. त्याला दुसरी बायको नाय. आनि काबूलान केली आसंल तर तुमाला कोनी सांगला?"

मी तुणतुण्याची खुंटी पिळायला घेतली. ती आधीच पिळलेली होती, पण माणसाने कुठेतरी बघायला हवं.

धोंडीबाने घसा साफ केला आणि शाहिरी, यमक, गळ्यात बसणारी नावं असं काहीबाही सांगितलं. आवडाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरा. राधेचा सोरा. तुमच्या गान्यान त्यो सात मानसा कापतो. खरा?"

"वीर होता," धोंडीबा म्हणाला.

"शायर, माज्या न्हवऱ्याला कोंबरी कापाला येत नाय. पावना आला का सुरी माज्या हातान देतो आनि डोले मिटून परसान उभा ऱ्हातो. झाला का, झाला का, इचारतो. त्यो सात पठान कापंल?"

मला हसू आलं. तिलाही आलं असावं, कारण तोंड क्षणभर सैल पडलं. पण लगेच ती मुद्द्यावर आली, आणि मग मात्र मी हसलो नाही.

गाणं पाड्यावर पोचलं होतं. लाडकूच्या म्हाताऱ्या आईने ते ऐकलं आणि आधी ऊर बडवून रडली, मग ताठ मानेने चालायला लागली, कारण सात पठाण लोळवणारा लेक पाड्यावर आणखी कुणाचा नव्हता. पाटलाने चार जाणती माणसं बसवली. गाण्यात आलं म्हणजे कुणीतरी पाहिलं असणार, असं ठरलं. अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याचा घडा भरून ठेवतात. यंदा लाडकूच्या नावाचा ठेवायचा, आणि त्याआधी आवडाच्या बांगड्या फोडायच्या. ती एकटी म्हणत होती की सरकारचा कागद नाही, कुणी बघणारा नाही, मी बांगड्या फोडणार नाही.

"तुमी पायला का त्याला मरताना?" तिने धोंडीबाला विचारलं.

धोंडीबा खाली बघत म्हणाला, "नाही."

"मंग जिवंत करा. मारला तिथंच, सगल्यांच्या म्होरं. हनमान जयंतीला आमच्याकरं जत्रा हाय." आता कुठे तिने पाटी उतरवली, त्यातले दोन मूठ सुके बोंबील काढून ओट्यावर ठेवले आणि गेली. हे मानधन की बयाणा की दम, ते आम्हाला कळलं नाही. बोंबील मात्र उत्तम होते.

माणसाला पोवाड्यात मारणं सोपं असतं हो. परत उठवायचं कसं? धोंडीबा पंधरा दिवस अंगणात येरझाऱ्या घालत होता. एकदा त्याने गोळी छातीवरच्या ताईताला लावून बघितली. एकदा आठव्या पठाणालाच दया आली. शेवटी त्याने लाडकूला बेशुद्ध पाडायचं ठरवलं. म्हणजे पडणारही, आणि उठणारही.

हनुमान जयंतीला आम्ही चालत डोंबिवलीला गेलो. तेव्हा तिथे गाडी थांबत नसे. होती काय तर भाताची खाचरं, थोडी घरं आणि खारं वारं. जत्रेला ही गर्दी. खाडीपलीकडून होड्या भरून माणसं आली होती. मागच्या रांगेत बायका पदर सरसावूनच बसल्या होत्या. पुढे पाटील, त्याच्याशेजारी लाडकूची आई, आणि खांबाला टेकून उभी आवडा.

गोळी सुटेपर्यंत सगळं छान चाललं. पदर डोळ्यांपर्यंत पोचले. आणि धोंडीबाने गाडी वळवली:

लाडकू नाही मेला, भोवळीने पडला, उठोनी बैसला ।। जी जी र जी जी

 मग मागून एक म्हातारा ओरडला, "ए शायर! आमी तीन कोस चालून आलू. मार त्याला!"

"परत मार!" दुसरा ओरडला.

"गेल्या टायमाला मेला व्हता, आता कसा उठला?"

बायकासुद्धा नाराज झाल्या. पदर हातात तसेच, आता त्यांचं करायचं काय? आणि सगळ्यांत जास्त रागावली ती लाडकूची आई. सात पठाण लोळवून वीरासारखा पडलेला लेक भोवळ येऊन बसला, हे तिला काही रुचलं नाही. कुणीतरी भोपळ्याचं साल फेकलं. ते मला लागलं. शाहिरावर फेकलेलं नेहमी मलाच लागतं.

धोंडीबाने डफ खाली केला. असा मी त्याला कधी बघितला नव्हता. तो साध्या आवाजात म्हणाला, "मंडळी, मी खोटं गायलो. लाडकूला मरताना कुणी पाहिलेलं नाही. मीही नाही. ह्या बाईच्या बांगड्यांना हात लावू नका."

पाटलाने मान हलवली. इतक्या माणसांसमोर शाहीर स्वतः म्हणतो म्हटल्यावर काय करणार? आवडा खांबाला टेकलेली होती ती हळूच खाली बसली. एवढ्यावर थांबला असता तर तो धोंडीबा कसला! मागच्या रांगेत एकीने डोळे पुसलेले त्याला दिसले, आणि त्याचा गळा पुन्हा सुटला. "लाडकू येतोय! कराचीला जहाजात बसलाय!"

मी त्याला तुणतुण्याने मागून ढोसलं. पण तोवर माणसं टाळ्या पिटत होती.

त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी अण्णा मास्तरांनी आम्हाला शाळेत बोलावलं. त्यांच्या हातात एक कागद होता. लाडकूच्या घरचा पत्ता कुणाला धड लागला नाही, म्हणून टपालवाल्याने तो मास्तरांकडे आणून दिला होता. इंग्रजी होता.

"धोंडीबा, बसा," मास्तर म्हणाले. "तुमच्या त्या लाडकूविषयी आहे. डोलीवाला नंबर चारशे सतरा. बोलन घाटात, जखमी शिपायाची डोली नेत असता पटकीने आजारी पडला आणि त्याच दिवशी मरण पावला. बस, एवढंच."

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या श्रावणात."

मी बोटांवर महिने मोजले. आम्ही त्याला जत्रेत जिवंत केला, त्याच्या आठ महिने आधी तो गेला होता. आणि माघात आम्ही त्याला पहिल्यांदा मारला, तेव्हाही तो सहा महिन्यांपूर्वीच गेलेला होता. आमचं खोटं खरं निघालं होतं, आणि खरं खोटं. अशा वेळी शाहिराने काहीतरी बोलावं की नाही? धोंडीबा कागद घेऊन उठला आणि चालायला लागला. दोन कोस तो एक शब्द बोलला नाही. सव्वीस वर्षांत मला हवी होती ती शांतता त्या दिवशी मिळाली, आणि ती मला सोसवेना.

आवडाने अंगण नुकतंच सारवलं होतं. ओटीवर मडक्यात सुका जवळा भरून तोंड फडक्याने बांधून ठेवलेलं होतं. लाडकूला जवळा आवडायचा, हे पुढे कळलं. आम्हाला बघून ती हात पुसत लगबगीने बाहेर आली.

"जहाज आला काय?"

जन्मात कधी मी धोंडीबाला इतके शिव्याशाप दिले नव्हते, जितके त्या क्षणी मनातल्या मनात दिले. त्याने कागद पुढे केला. कागदात काय आहे ते त्याने सांगितलं, सरळ, यमक न जुळवता. आवडाने ते पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं.

"त्याचा नाव नाय कागदान?"

"नंबर आहे. चारशे सतरा."

लाडकूची आई आतून बाहेर आली होती आणि भिंतीला धरून उभी होती. ह्या वेळी तिने ऊर बडवला नाही.

 कोंबड्या पायांत येऊन दाणे टिपत होत्या. मग आवडाने विचारलं, "डोलीनला मानूस, त्याचा काय झाला?"

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

"त्यानं डोली आदी खाली ठेवली आसंल," ती म्हणाली. "मिठाची कावड त्यानं कवा सांडली नाय. पायान काटा गेला तरी आदी कावड ठेवाचा, मंग बोंबलाचा." मग तिने आमच्याकडे बघितलं. "परवा अखतीज हाय. तुमी या. गा."

धोंडीबाला वाटलं, आपल्याला ऐकू आलं ते चुकीचं. "आता कशाला लाजवतेस बाय? मी ह्यापुढे—"

"तुमच्या तलवारवाल्यासाटी मी बांगड्या उतरवल्या नाय. त्यो माजा कोनी नव्हता. आता माजा गेला. माज्याचा गा. तलवार त्याच्या हातानशी काढून घ्या. आनि ती राधा नको."

"मरताना तुझं नाव घालतो," धोंडीबा म्हणाला. "आवडा."

"नको. त्यो काय बोल्ला, कोनाला ठाव? तिथं गप ऱ्हावा."

धोंडीबाने दोन दिवस आणि दोन रात्री त्या पोवाड्यावर घालवल्या. त्याला मी एवढं खोडताना कधी पाहिलं नाही. एक एक शब्द म्हणून बघायचा आणि मान हलवून टाकून द्यायचा.

अक्षय तृतीयेला पाड्यावर माणसं जमली, पण जत्रेसारखी नाही. होती ती आसपासची, ओळखीची. अंगणात नवा घडा पाण्याने भरून ठेवला होता. त्याच्याशेजारी आवडा, मनगटात त्याच हिरव्या बांगड्या. बायका तिच्या मागे बसल्या. पदर आपापल्या खांद्यावर होते; आधी दोनदा फसल्या होत्या, आता त्या सावध होत्या.

धोंडीबाने डफावर हलकी थाप दिली.

लाडकू कावडवाला, खाडीच्या पाड्यावाला, मिठात वाढला ।
कोंबडी कापाया भ्याला, सुरी देई बायकोला, डोळे मिटून उभा ठेला ।। जी जी र जी जी

आधी पाटील फिसकन हसला. मग सगळे. "खरा हाय, खरा हाय!" कुणी म्हणालं. एकाने तर परसाकडे बोट दाखवलं, तो तिथं उभा ऱ्हायचा म्हणून. लाडकूची आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. वीराची आई होऊन वावरल्यावर कितीतरी दिवसांनी ती नुसती लाडकूची आई झाली होती. आवडाही हसत होती. मी धोंडीबाकडे पाहिलं. त्याची नजर मागच्या रांगेवर नव्हती. त्याने डोळे मिटले होते.

बाजा वाजला ठेसनाला, नंबर गळ्यात पडला, नावाने ना कोणी हाकारला ।
खांद्यावर परका भाऊ, वाट नको संपू, हळूहळू नेऊ ।। जी जी र जी जी
बोलन घाटाचा चढ, तहान झाली जड, पाणी ना टिपूसभर ।
डोली आधी ठेवली, हळूच टेकवली, मग—

आणि धोंडीबा थांबला. डफही थांबला. जिथे अकरा कडवी निरोप होता, तिथे काही नव्हतं. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "सहदेवा, तू तुणतुणं वाजव."

मी वाजवलं. दुसरा आवाज नव्हता, फक्त ती एक तार. किती वेळ वाजवलं मला सांगता येणार नाही. सगळं अंगण ते ऐकत होतं. सव्वीस वर्षं ज्याची मी वाट पाहिली ते हे, आणि देवाशपथ सांगतो, ते लवकर संपावं असं मला वाटत होतं.

आवडा उठली. घड्यातलं ओंजळभर पाणी तिने दोन्ही मनगटांवर घेतलं आणि एक एक बांगडी सरकवून काढायला लागली. बांगड्या घट्ट होत्या, हात लाल झाला. म्हातारी सासू पुढे होऊन म्हणाली, "पोरी, फोराच्या आसतान त्या. रीत हाय."

"फोराच्या नाय," आवडा म्हणाली. "त्याला फुटल्याचा आवाज सोसत नव्हता."

अख्ख्या बांगड्या तिने घड्याच्या गळ्याशी ठेवल्या आणि म्हणाली, "आता मेला माजा लाडकू." मग ती रडली. ज्या रडण्यासाठी धोंडीबा आजवर उपाशी राहायचा, ते हेच होतं, आणि त्याने ते पाहिलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

परत येताना त्याने मला नेहमीसारखं "कसा झाला?" असं विचारलं नाही. खाडीच्या बांधावर आल्यावर थोडा वेळ थांबला, डफ माझ्या हातात दिला आणि तुणतुणं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. कल्याण येईपर्यंत तेच घेऊन चालला.